मोडली मान, तरी ताठ

माझा भाचा गिटार वाजवतो. चुकलो, वाजवायचा. दोन वर्षांपूर्वी त्यानं गिब्सन कंपनीची ‘लेस पॉल’ ही इलेक्ट्रिक गिटार घेतली आणि तेव्हापासून ताईच्या घरात कमालीची शांतता आहे. २ लाखांच्या वर मोजून आणलेलं ते वाद्य पेटीत असतं, पेटी दिवाणाखाली असते आणि पाहुणे दिवाणावर बेताबेतानं बसतात.

‘‘वाजवत का नाहीस रे?’’

‘‘पडली तर मान मोडते, मामा.’’

‘‘२ लाखांच्या वस्तूची?’’

‘‘लेस पॉलच्या माना मोडतातच!’’

‘आमच्या घराण्यात मधुमेह आहेच’ असं सांगणाऱ्या माणसाच्या अभिमानानं त्यानं हे सांगितलं.

मग मी चौकशी केली. बँकेत वीस वर्षं काढलेला माणूस आधी तारण बघतो. तर प्रकार असा. या गिटारीचं खुंट्यांचं डोकं मानेपासून १७ अंश मागे कललेलं. मान आणि डोकं महोगनीच्या एकाच तुकड्यातून कोरलेलं, त्यामुळे वळणावर लाकडाचे रेषे तिरके कापले जातात. बरं, नेमकं तिथंच आतली लोखंडी सळई पिळण्यासाठी लाकूड खणून काढलेलं. म्हणजे जिथं ते जास्त हवं, तिथंच कमी! गिटार उताणी पडली की कटकन मोडते. पेटीत असली तरी मोडते. (हे मी भाच्याला मुद्दाम ऐकवलं. त्याला ठाऊक होतं.) फेंडरच्या गिटारींचं डोकं असं मागे कललेलं नसतं. त्या सहसा मोडत नाहीत, मग त्यांचे मालक बिचारे चारचौघांत बोलणार कशावर?

तुम्ही म्हणाल, कंपनी झोपली होती काय? नाही हो! माझं भांडण इथंच सुरू होतं, आणि ते कंपनीशी नाही. १९६९ साली कंपनीची मालकी बदलली. त्यानंतरच्या दशकात त्यांनी मानेमागे, मोडते अगदी तिथंच, लाकडाचा उंचवटा ठेवला. कल १७ अंशांवरून १४ वर तर आधीच आणला होता. मान मेपलच्या तीन पट्ट्या जोडून केली. मान मजबूत झाली. मालकांनी काय करावं? नाकं मुरडली! उंचवटा हाताला लागतो म्हणे. आवाजात ती मजा नाही म्हणे. (त्या काळच्या गिटारींत दुसरे दोष होते हे खरं, पण म्हणून चांगलं तेही टाकायचं?) शेवटी १९८०च्या दशकात कंपनीनं उंचवटा काढला. कलही पुन्हा १७ झाला आणि माना पूर्ववत मोडू लागल्या. जो तो खूश!

गंमत म्हणजे ज्या १९५८ ते १९६०च्या लेस पॉलवरून हे सगळे जीव टाकतात, त्या तेव्हा खपेनात म्हणून कंपनीनंच नंतर आकार बदलला होता. आज त्यातल्या एकेकीला लाखो डॉलर पडतात.

सुधारणा म्हटली की मी टाळ्या पिटतो असंही नाही. २०१५ साली कंपनीनं जवळजवळ सगळ्या गिटारींना आपोआप सूर लावणारं यंत्र बसवलं आणि किमती वाढवल्या. ते कुणी मागितलं नव्हतं. तेव्हा मालक चिडले ते योग्यच. पुढे मे २०१८ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला, तो मात्र कर्ज काढून स्पीकर-हेडफोनच्या धंद्यात शिरल्यामुळे. अशी खाती आम्ही रोज बघतो, त्याबद्दल नवल नाही.

नवल मालकांचं. तिसरी तार उतरते, कारण ती सरळ खुंटीकडे न जाता बाजूला वाकून जाते आणि खाचेत अडकते. यावर उपाय काय? खाचेत शिसपेन्सिल घासणे! २ लाखांच्या वाद्याला पाच रुपयांची पेन्सिल. माझ्या वडिलांची स्कूटर तिरकी केल्याशिवाय सुरू होत नाही, पण मी तिला खानदानी म्हणत नाही.

बी.कॉम.ला आम्हाला घसारा शिकवला. वस्तू झिजली की किंमत उतरते. आता ही कंपनी कोऱ्या गिटारीच्या रंगाला कारखान्यातच तडे पाडते, पोचे आणते, ओरखडे काढते आणि ओरखडे जितके जास्त तितके पैसे जास्त घेते. अन् लोक देतात! आमच्या मास्तरांनी हे पाहिलं असतं तर पुस्तक मिटून घरी गेले असते.

परवा ताईच्या माळ्यावरून मीच भाच्याची जुनी गिटार काढली. चार हजारांची. गणपतीत मांडवात वाजलेली, दोनदा जिन्यावरून गडगडलेली, मान शाबूत. एक तार मात्र तुटलेली.

‘‘ही वाजव.’’

‘‘पाच तारांवर?’’ असं म्हणत त्यानं ती मांडीवर घेतली, सूर लावला आणि पाऊण तास मान वर केली नाही. ताई गॅस बारीक करून दारात येऊन उभी राहिली. मी दिवाणावर ऐसपैस बसलो होतो, कुणी हटकलं नाही.

निघताना भाचा जिन्यापर्यंत सोडायला आला.

‘‘मामा, बँकेत मऊ शिसाची पेन्सिल मिळते का रे? लेस पॉलला हवी होती.’’