कृष्णाकाठचा लोखंडाचा व्यापारी

साताऱ्यातून सांगलीकडे वाहणाऱ्या कृष्णेला जेथे कोयना मिळते, त्या कऱ्हाडचे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे समाजजीवन मुख्यत्वे दानलेखांतून, म्हणजे धर्मकार्यासाठी दिलेल्या देणगीची नोंद करणाऱ्या कोरीव लेखांतून, उलगडते. मध्य प्रदेशातील भरहुत येथील स्तूपाच्या कठड्यावर ‘करहकट’ येथील निगमाने, म्हणजे बाजारपेठेतील संघटित नागरिक-व्यापाऱ्यांनी, दिलेल्या दानाचा उल्लेख असून, अभ्यासक हे करहकट म्हणजेच कऱ्हाड असे मानतात; तर रायगड जिल्ह्यातील कुडा येथील एक लेणे करहाकडच्या महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याने दान केल्याचे तेथील लेख सांगतो. सह्याद्रीचे घाट उतरून कोकणापर्यंत पोहोचणाऱ्या अशा व्यापाराच्या आधारानेच कऱ्हाडजवळच्या आगाशिव डोंगरात साठाहून अधिक बौद्ध लेणी कोरली गेली असावीत, कारण भिक्षेवर जगणाऱ्या भिक्षूंना धान्य पिकवणारे शिवार आणि दान देणारी पेठ ही दोन्ही जवळ लागत. कृष्णाकाठचा इतिहास शिकवताना राजवंशांच्या यादीबरोबर महिकाचे नावही मुलांना आवर्जून सांगितले गेले पाहिजे, कारण या खोऱ्यातील संस्कृती अशाच उद्यमी आणि उदार माणसांनी घडवली.