दुखणे शोधण्याची मजुरी

आम्ही कापडवाले. आम्ही बॅटरी-जनरेटरवर लिहावे हे काही वाचकांना नवल वाटेल. पण पान व्यापाराचे आहे आणि गोष्टही व्यापाराचीच आहे.

सावदा, खिरोदा करीत पालकडे चढू लागले की सातपुड्याची खेडी लागतात. तिकडच्या तडवी बांधवांच्या लहान दुकानांना आमचा माल जातो. पूर्वी बाजाराच्या दिवशी रोख मिळे. २०१६ च्या नोटबंदीनंतर हळूहळू ऑर्डरही मोबाइलवर आणि पैसेही मोबाइलवर. मागे एका रमजानच्या शेवटच्या आठवड्यात त्या बाजूचा एक टॉवर सलग तीन दिवस बंद पडला. दुकानात माल पडलेला, गिऱ्हाईक समोर उभे, पण पैसे सरकेनात. ईदचे कपडे ईद झाल्यावर कोण घेतो? आमची वसुली दोन महिने लांबली. त्या दुकानदारांचा तर हंगामच गेला.

टॉवर म्हणजे शेवटी वायरलेसचे ठाणे. लाइन गेली की बॅटऱ्यांनी लगेच भार घ्यायचा आणि त्या उतरायच्या आत जनरेटरने सुरू व्हायचे, अशी ती व्यवस्था. इथे दोन्ही बसले होते. दीपनगरचे वीजकेंद्र आमच्या भुसावळच्या उशाशी आहे, पण डोंगरात वादळाने तार तुटली की त्याचा काय उपयोग!

तिसऱ्या दिवशी कंत्राटदाराने खडका रोडवरच्या एका मिस्त्रीला धाडले. आमच्या ओळखीचा माणूस, वसुलीच्या निमित्ताने आम्हीही त्याच्याच गाडीत बसलो. जनरेटर का उठत नाही हे त्याने पाच मिनिटांत सांगितले: इंजिन ठीक, डिझेल ठीक, स्टार्टरची बारा व्होल्टची बॅटरी मेलेली. गाडीच्या बॅटरीवरून तार जोडून त्याने इंजिन उठवले. खरे काम पुढेच होते. दोन-दोन व्होल्टचे २४ सेल ओळीने जोडून ४८ व्होल्टचा संच होतो. खालच्या वळणावर दुसऱ्या टॉवरची रेंज मिळते, तिथून सुपरवायझरला फोन लावला तर तो म्हणाला, संचच गेला असेल, बदलून टाकू, पंधरा दिवस लागतील.

मिस्त्रीने ऐकले नाही. जनरेटरवर दोन तास चार्जिंग होऊ दिले. मग मीटर लावला तर सगळे सेल बरोबर दिसले. आम्ही म्हटले, आता कशाला थांबायचे? तो म्हणाला, शेठ, बिनभाराचा सेल सगळाच चांगला दिसतो. त्याने जनरेटर बंद करून टॉवरचा भार बॅटऱ्यांवर टाकला आणि एकेक सेल मोजत गेला. तेवीस टिकले, एक धाडकन खाली आला. त्या एकाने बाकीच्यांना बुडवले होते. तो काढून शेजारचे दोन जाड केबलने जोडले. मग चार्जरचे ५४ व्होल्ट पावणेबावन्नावर आणले, नाहीतर उरलेल्या तेवीस सेलना जास्तीचे चार्जिंग मिळून ते उन्हाळ्यात सुकले असते. ढोबळ हिशेबाने दहा अंश उष्णता वाढली की अशा बॅटरीचे आयुष्य निम्मे होते, आणि आमच्याकडच्या मे महिन्याबद्दल काय सांगावे! अस्रपर्यंत टॉवर चालू झाला.

मजुरी किती मिळाली? घरच्या इन्व्हर्टरमध्ये पाणी टाकायला जेवढी मिळते तेवढी. कंत्राटदाराचे म्हणणे असे की, तू काही बदललेच नाहीस, मग बिल कशाचे? संच गेला असे त्याने खोटेच सांगितले असते तर नव्या मालावर त्याला कमिशन सुटले असते. प्रामाणिक माणसाला तोटा आणि खोट्याला नफा, असा हा दर आहे.

कंत्राटदाराला बोल लावणे सोपे आहे. आपल्या गल्ल्यावर बसून आपण काय करतो? मिस्त्री येतो, दुखणे शोधतो, एक ढिली तार आवळतो, आणि आपण म्हणतो, दोन मिनिटांचे शंभर रुपये? घाम सुकण्याच्या आत मजुरी देण्याची ताकीद आपण खुतब्यात ऐकतो, आणि कारागिराला ‘जुम्याला ये’ म्हणतो. कापडातली कसर बोटांनी ओळखायला आम्हाला वीस वर्षे लागली. ती नजर आम्ही फुकट देत नाही.

दुसरी गोष्ट कागदाची. या मिस्त्रीने सारे वडिलांच्या ट्रॅक्टर-बॅटरीच्या दुकानात शिकले, सर्टिफिकेट नाही, म्हणून कंत्राटदाराच्या वहीत तो मजूरच राहिला. आता टॉवरवर लिथियमच्या बॅटऱ्या येत आहेत, त्यांच्यात नियंत्रणाचे कार्ड असते. केवळ हाताच्या सवयीवर ते काम जमणार नाही. आयटीआयचा इलेक्ट्रिशियनचा कोर्स दोन वर्षांचा, डिझेल मेकॅनिकचा एका वर्षाचा. त्याचा मुलगा दहावी झाला आहे. बाप म्हणतो, दुकानावर माणूस कमी पडेल. आमच्या मते दोन वर्षे पडू द्यावा. गल्लीत बॅटऱ्या फोडून शिसे काढण्याच्या कामाला तर त्या मुलाला बसवूच नये. ते शिसे अंगात जाते, आणि २०२२ च्या नियमांप्रमाणे जुनी बॅटरी नोंदणीकृत कारखान्यातच जायला हवी.

आम्ही आमच्या दुकानाचा आणि गोदामाचा इन्व्हर्टर या मिस्त्रीला वर्षाच्या कराराने दिला आहे. दर तीन महिन्यांनी तो भार टाकून तपासतो आणि काही बिघडलेले नसले तरी त्याचे पैसे त्याच दिवशी होतात. धाकटे बंधू पहिल्यांदा कुरकुरले. बाजारातल्या आणखी चार दुकानदारांशी बोलणे चालू आहे. दोघे तयार आहेत, बाकीचे दोघे दर विचारून गेले.