मोजणी जमिनीची आणि मोजणी मुलाची

हिंजवडीचे मनोरे डोळ्यांच्या टप्प्यात आल्यापासून मुळशी तालुक्यातील कासारसाईसारख्या गावांत जमिनीच्या मोजणीला जे महत्त्व प्राप्त झाले आहे, ते पूर्वी पेरणीलाही नसेल. भूमी अभिलेख कचेरीत अर्ज दाखल होतो, लगतच्या खातेदारांना आगाऊ नोटिसा जातात, ठरल्या दिवशी भूकरमापक आपला सरंजाम घेऊन बांधावर हजर होतो, जुन्या हद्दीच्या खुणा नकाशाशी ताडून पाहिल्या जातात. आणि इतके सव्यापसव्य करूनही एखाद्या खातेदाराचे समाधान झाले नाही, तर त्याला निमताना मोजणी, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागण्याचा अधिकार असतो. हातभर जमिनीविषयी आपण इतके दक्ष आहोत, याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती एवढीच, की त्याच बांधावरून शाळेला जाणाऱ्या मुलाच्या बुद्धीची मोजणी करण्याचा प्रसंग येतो, तेव्हा ही दक्षता कोठे लुप्त होते, हे कोणी विचारीत नाही.

या मोजणीचा इतिहास आपल्याला वाटतो त्याहून अधिक जवळचा आहे. वर्गात मागे पडणाऱ्या मुलांना हुडकून त्यांच्या शिक्षणाची निराळी तजवीज करता यावी, या हेतूने फ्रान्सच्या सरकारने १९०४ साली एक आयोग नेमला, आणि त्या निमित्ताने आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये पहिली बुद्धिमापन श्रेणी सिद्ध केली. १९१६ साली अमेरिकेत टर्मन यांनी तिची जी सुधारित आवृत्ती केली, ती समोर ठेवून आपल्याकडे ज्या विद्वानाने या विद्येला देशी मातीत रुजविण्याचे काम केले, ते म्हणजे डॉ. व्ही. व्ही. कामत. तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील धारवाडच्या बाजूला कानडी आणि मराठी या दोन्ही भाषा बोलणाऱ्या मुलांसाठी त्यांनी ही श्रेणी नव्याने बांधली. त्यासंबंधीचा त्यांचा निबंध १९३४ साली ब्रिटनमधील शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि १९४० साली ऑक्सफर्डने त्यांचा ‘मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रेन’ हा ग्रंथ काढला. ‘बिने-कामत कसोटी’ या नावाने ते काम आजही रुग्णालयांत आणि बालमार्गदर्शन केंद्रांत नित्य वापरात आहे.

परदेशी कसोटीचे नुसते भाषांतर करून कामतांना वेळ मारून नेता आली असती. ते त्यांनी केले नाही. पॅरिस किंवा कॅलिफोर्नियातील मुलाला जे सहज ठाऊक असते ते इकडच्या मुलाला ठाऊक नसेल तर तो त्याच्या बुद्धीचा दोष नव्हे, प्रश्नाचा दोष आहे, हे तत्त्व मानून त्यांनी प्रश्न पारखले, बदलले, आणि इकडच्या मुलांवर प्रत्यक्ष पडताळून मगच कोणता प्रश्न कोणत्या वयाचा हे ठरविले. पुढे नागपूरच्या बालमार्गदर्शन केंद्रात डॉ. मालिन यांनी हीच परंपरा चालविली: वेक्स्लर यांच्या मुलांसाठीच्या श्रेणीचे त्यांनी केलेले भारतीय रूप १९६९ सालचे, आणि मूल स्वतः जेवते का, कपडे घालते का, एकटे शेजारी जाते का, अशा रोजच्या व्यवहारावरून सामाजिक परिपक्वता पाहणाऱ्या व्हाइनलँड श्रेणीचे भारतीय रूपही त्यांचेच. अपंगत्वाचा दाखला देताना आज ज्या मापांचा आधार घेतला जातो त्यांतील प्रमुख मापे अशी धारवाड आणि नागपूर या आपल्या परिचयाच्या गावांशी निगडित आहेत.

परंतु पूर्वजांचा वाडा वापरणे वेगळे आणि त्याची डागडुजी करणे वेगळे. माप जुने होते, ही गोष्ट बुद्धिमापनाचे अभ्यासक जेम्स फ्लिन यांनी १९८४ पासून पुन्हा पुन्हा दाखवून दिली. अमेरिकेत दर दशकात सरासरी बुद्ध्यंक सुमारे ३ गुणांनी वर सरकत गेला, म्हणून तेथे या कसोट्यांचे प्रमाणांक, म्हणजे कोणत्या वयाला किती गुण सामान्य मानावयाचे ते आकडे, ठरावीक काळाने नव्याने काढण्याचा शिरस्ता पडला. आपण मात्र आजोबांच्या पिढीतील मुलांवरून ठरविलेल्या प्रमाणांकांनी नातवाला मोजतो. त्याचा परिणाम असा, की ज्या मुलाला खरोखर साहाय्याची निकड आहे, त्याचे गुण जुन्या मापावर फुगलेले दिसतात आणि ते मूल दाखल्याच्या रेषेच्या किंचित वर राहून सवलतीला मुकते.

याच मापाने नेमकी उलट चूकही घडते. कासारसाई-दारुंब्रे येथे संत तुकाराम सहकारी साखर कारखाना आहे. गळीत हंगामात उसाच्या फडाजवळ ज्यांच्या कोप्या पडतात त्या तोडणी कामगारांची मुले वर्षातील निम्मा काळ एका गावच्या हजेरीपटावर आणि निम्मा काळ कोणाच्याच नाही, अशा अवस्थेत वाढतात. मुळशीतील कातकरी वाडीतल्या मुलाची घरची बोली पाठ्यपुस्तकाच्या मराठीहून निराळी असते. अशा मुलाला शब्दांच्या व्याख्या विचारल्या आणि ते गप्प राहिले, तर तक्त्यात गुण कमी पडतात, आणि जे मूल केवळ शिकविले गेले नाही ते शिकू न शकणारे ठरते. त्यातून अध्ययन-अक्षमतेच्या दाखल्यासाठी बुद्ध्यंक निदान सामान्य मर्यादेत असावा लागतो, म्हणून वाचनाची खरी अडचण असलेले असे मूल त्याही दारातून परत फिरते.

अध्ययन-अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्यास महाराष्ट्र शासनाने १९९६ पासून प्रारंभ केला, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ही अक्षमता २१ प्रकारांत समाविष्ट केली, ही निःसंशय अभिमानाची गोष्ट होय. पण वेलांटीची जागा, रफाराचा घोळ, जोडाक्षराची उकल, या अडचणी इंग्रजी वर्णमालेवर बेतलेल्या चाचणीत कशा प्रकट होणार? राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ साली हिंदी, मराठी, कन्नड व इंग्रजी या चार भाषांत ‘डाली’ हे वाचन-अक्षमता ओळखण्याचे साधन तयार केले, तेव्हा कोठे या प्रश्नाला शास्त्रीय उत्तराचा आरंभ झाला. ते साधन जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेतील शिक्षकाच्या हाती असावयास हवे.

कोणी म्हणेल की बुद्धी मोजण्याचा खटाटोपच मुळी सोडून द्यावा, कारण मोजले की शिक्का बसतो. या आक्षेपात तथ्य आहे. बुद्धी म्हणजे न बदलणारा ठेवा नव्हे, हे स्वतः बिने यांनीच बजावले होते, आणि ते न ऐकता अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ गोडार्ड यांनी त्याच श्रेणीचा उपयोग माणसांना वेगळे काढण्यासाठी केला. परंतु मापावाचून दाखला नाही, दाखल्यावाचून सवलत नाही, आणि सवलतीवाचून गरिबाच्या मुलाला शाळेत टिकाव नाही, हाही व्यवहार आहे. सधन पालक मापाशिवायही खासगी शिक्षक नेमू शकतो. माप टाकून दिले तर उघडे पडते ते कोपीतले मूल. कायद्यात दाखल्याविरुद्ध अपिलाची तरतूद आहे खरी, पण अपिलातही मोजणीची साखळी तीच राहिली तर फेरमोजणीला अर्थ काय उरतो?

म्हणून विशेष शिक्षणाच्या प्राध्यापकांना माझे सांगणे आहे. निबंधांची संख्या आणि पदोन्नतीचे गुण यांत ज्ञानव्यवसायाची इतिकर्तव्यता मानण्याचा काळ आला असला, तरी कामतांचे स्मरण ऐंशी-नव्वद वर्षे टिकले ते त्यांनी किती निबंध लिहिले म्हणून नव्हे, तर एक उपकरण मागे ठेवले म्हणून. त्याचे प्रमाणांक आजच्या मराठी मुलांवरून, शहरातल्या तसेच फडावरच्या आणि वाडीतल्या, नव्याने काढणे हे एका माणसाचे नसले तरी एका विद्यापीठाच्या आवाक्यातले काम आहे, आणि एखाद्या संशोधकाने आपली सबंध कारकीर्द त्यावर वेचली तर ती सार्थकी लागेल. शासनाचे कर्तव्यही यातून सुटत नाही: सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली प्राथमिक स्तरावर विशेष गरजा असलेल्या १० मुलांमागे व त्यापुढील स्तरावर १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण घालून दिले आहे. मोजून झाल्यावर शिकविणारा नसेल तर मोजणी ही निव्वळ दफ्तराची भरती ठरेल.

शेताच्या बांधासाठी आपण निमताना मागतो. ज्याला आपला अर्ज स्वतः लिहिता येत नाही त्या मुलाच्या वतीने ती कोणीतरी मागितली पाहिजे, आणि ती नव्या साखळीने व्हावी, एवढेच मागणे आहे.