खारजमिनीतील भात: गुणसूत्राचा नेमका तुकडा कळून काय साधले?

नाहूर-भांडुपच्या पूर्वेस ठाणे खाडीकाठी मिठागरे आहेत. असेच खाडीचे पाणी बांध फुटला की रायगड-पालघरच्या भातखाचरांत शिरते. म्हणून ४ मे २०२५ रोजी जाहीर झालेल्या ‘पुसा डीएसटी राइस १’ या क्षारसहनशील, जनुक-संपादित वाणाबद्दल कोकणात विचारणा होणारच.

भाताला १२ गुणसूत्रे. त्यांचा संपूर्ण आराखडा २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. ११व्या गुणसूत्राचा काही भाग भारतीय शास्त्रज्ञांनी वाचला. केरळच्या पोक्काळी भातातील ‘साल्टॉल’ हा भाग पहिल्या गुणसूत्रावर सापडला. तेथील एक जनुक सोडियम मुळांकडेच राखून पानांत कमी जाऊ देते. हा भाग ठाऊक असल्याने पैदासकार रोपाच्या पानाचा तुकडा तपासूनच निवड करू शकतो.

नव्या वाणाची वाट वेगळी आहे. त्यात दुसऱ्या भाताचा तुकडा आणलेला नाही. ‘एमटीयू १०१०’चे स्वतःचेच डीएसटी जनुक बदलले आहे.

मात्र साल्टॉलचा आधार मुख्यतः रोपावस्थेत मिळतो. फुलोऱ्यात क्षार वाढले तर इतर जनुके महत्त्वाची ठरतात. त्यामुळे:

- नवे बियाणे आल्यावर आधी एका खाचरात, ‘पनवेल-३’सारख्या स्थानिक वाणाशेजारी लावून पाहा.
- लावणीपूर्वी व फुलोऱ्यात मातीची क्षारता तपासा.
- बांधबंदिस्ती व पहिल्या पावसाने क्षार धुऊन काढणे सोडू नका.

वाण क्षार सोसतो. जमिनीतले क्षार कमी करत नाही.