गाय, बाई आणि शाई

आमच्या घरी दिवाळीत दोन गोष्टी हटकून होतात. चकल्या कडक होतात आणि फराळाच्या ताटावर राजकारण निघते. चकल्यांचा दोष दरवर्षी भाजणीवर जातो. राजकारणाचा कोणावर घालावा हे अजून ठरलेले नाही.

यंदा मात्र प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखे राहिले नाही. आमची कन्या नुकतीच अठरा वर्षांची झाली. मतदारयादीत नाव घालण्याचा अर्ज मी मोठ्या कौतुकाने तिच्यापुढे ठेवला. तिने करंजी मोडता मोडता तो कोपराने बाजूला सारला.

"कशाला बाबा? सगळं आधीच ठरलेलं असतं. चॅनेलं त्यांची, यंत्रं त्यांची. आपण नुसती बोटाला शाई लावून घ्यायची."

तिच्या आवाजात राग असता तर मला वाईट वाटले नसते. पण राग नव्हता, कंटाळा होता. अठराव्या वर्षी हा कंटाळा! मी उत्तर शोधत होतो, तोच झोपाळ्यावरून आमचे अण्णा म्हणाले, "शाईचं नाव काढू नकोस. शाईपायी मी एकदा मत घालवलंय."

अण्णांची ती कहाणी १९७१ सालची. तेव्हा मतदानाला एकविसावे वर्ष लागे, आणि अण्णांनी पहिल्यांदाच मत दिले होते, ते इंदिरा गांधींच्या विरोधात. विरोधकांची बडी आघाडी उभी होती आणि बाईंना काही एवढे यश मिळत नाही, असा बऱ्याच जाणत्यांचा होरा होता. निकाल लागला तो गाय-वासराला ३५२ जागा! लोक अवाक झाले. मग कुजबुज सुरू झाली की मतपत्रिकांना म्हणे रसायन लावले होते. मतदाराने मारलेला शिक्का उडून जातो आणि गाय-वासरावर आपोआप शिक्का उमटतो. गाय, बाई आणि शाई, यमकही आयते जुळले! आणि यमक जुळले की आपल्याकडे निम्मा पुरावा मिळाल्यासारखाच असतो.

दिल्लीत पराभूत झालेले जनसंघाचे बलराज मधोक हा आरोप घेऊन न्यायालयात गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. मतपत्रिका तपासायलाही मिळाल्या. रसायनाचा आरोप सिद्ध झाला नाही.

"पण आम्ही कुठं ऐकतोय!" अण्णा म्हणाले. "बहात्तर साली विधानसभेची निवडणूक आली, तर मी रुसून घरात बसलो. म्हटलं, शिक्का उडूनच जाणार. पुढं सत्त्याहत्तरला तोच कागद, तोच शिक्का, आणि बाई खुद्द रायबरेलीत पडल्या! तेव्हा कळलं, शाईनं माझं एकही मत खाल्लं नव्हतं. बहात्तरचं मत मीच खाल्लं."

मला यात एक गंमत दिसते. निकाल अनपेक्षित लागला तेव्हा लोकांपुढे दोन वाटा होत्या : आपल्याला वाचायला मिळालेले अंदाज चुकले असे मानायचे, किंवा मतपेटी खोटी ठरवायची. रोज सकाळी चहाबरोबर येणाऱ्या वर्तमानपत्राला खोटे म्हणणे जिवावर येते. मतपेटी बिचारी पाच वर्षांतून एकदा भेटणार! २००४ साली अंदाज चुकले, २०२४ च्या लोकसभेला तर मतदानोत्तर चाचण्यांचे पार हसे झाले. पण टीव्हीवाल्यांचा अंदाज आपण अजूनही निकालाआधीचा निकाल समजूनच ऐकतो.

"म्हणजे संशय घेणारे सगळे वेडे?" कन्येने विचारले.

तसे मुळीच नाही. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत 'पैसे घेऊन बातम्या' ही कुजबुज होतीच. पत्रकार पी. साईनाथ यांनी एकमेकांशी स्पर्धा करणारी मराठी दैनिके शेजारी शेजारी ठेवली आणि दाखवून दिले की एकाच नेत्याच्या स्तुतीचा मजकूर शब्दाला शब्द जुळतो, आणि तोही बातमी म्हणून! पेपर तपासणाऱ्या आम्हा मास्तरांना ही युक्ती नवी नाही. उत्तर बरोबर आहे म्हणून कोणी पकडला जात नाही. दोघांची चूकही एकच निघाली की पकडला जातो. पुढे प्रेस कौन्सिलच्या समितीने ७१ पानांचा अहवाल लिहिला. कौन्सिलने तो आधी पुरता छापलाही नाही. २०११ साली केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर तो लोकांसमोर आला. म्हणजे तो संशय खरा निघाला. शाईचा टिकला नाही, हा टिकला, आणि दोन्हींचा निवाडा कोणीतरी कागद उघडून पाहिल्यामुळेच झाला.

"मग २०२४ च्या विधानसभेचं काय?" कन्या आता सरसावून बसली होती. "संध्याकाळी पाचला ५८.२२ टक्के, आणि शेवटी ६६.०५! मधे एवढी मतं आली कुठून?"

प्रश्न रास्त आहे. आयोगाने सांगितले की पाचचा आकडा कच्चा असतो आणि सहाला रांगेत असलेल्या प्रत्येकाला मत देता येते. पण हे पडताळायचे कसे, ते मला ठाऊक होते. कारण त्या निवडणुकीत मी स्वतः केंद्राध्यक्ष होतो. पहाटे उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर निदान पन्नास मतांचे अभिरूप मतदान घ्यायचे, यंत्राचा आकडा आणि चिठ्ठ्या जुळवून दाखवायच्या, मग यंत्र कोरे करून मोहोरबंद करायचे. मतदान संपले की एकूण किती मते पडली ते नमुना १७-सी मध्ये भरून त्याची प्रत हजर प्रतिनिधीच्या हातात द्यायची. या प्रती गोळा करून बेरीज मांडली तर टक्केवारीचे भांडण टीव्हीवर करावे लागत नाही.

"तुमच्या केंद्रावर सगळ्या उमेदवारांची माणसं होती?"

आता आली पंचाईत! खोटे बोलावे तर अण्णा ऐकत होते. पहाटेच्या मतदानाला दोघेच आले होते. संध्याकाळी एकच उरला. त्याने प्रत न वाचताच सही केली, घडी घालून खिशात टाकली आणि 'सर, सुटलो!' म्हणून निघून गेला. त्या कागदाचे पुढे काय झाले कोण जाणे. त्याच आठवड्यात निवडणुकीवर तावातावाने बोलणारे लोक मला लोकलमध्ये शेकड्याने भेटले. केंद्राच्या बाकावर मात्र जागाच जागा होती.

मी हे सगळे सांगून टाकले. कन्या बराच वेळ गप्प होती.

"त्या बाकावर मला बसता येईल?"

"येईल की. उमेदवाराने नेमावं लागतं."

"आणि?"

"आणि आधी मतदारयादीत नाव लागतं."

तिने माझ्याकडे संशयाने पाहिले. मग करंजीचे बोट परकराला पुसले आणि ताटाखालचा तो अर्ज ओढून घेतला. "भरते," ती म्हणाली, "पण १७-सी मी पूर्ण वाचल्याशिवाय सही करणार नाही."

झोपाळ्यावरून अण्णांनी आपले पेन पुढे केले. शाईचेच होते ते!