परवलीचा शब्द आपल्या भाषेत असावा

पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतरही मध्य प्रदेशातच राहिले. २०२३ मध्ये दोहोंचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. येथे घरात मराठी, कचेरीत हिंदी आणि फोनच्या सूचनांत इंग्रजी, अशी भाषेची वाटणी आहे. फोन इंटरनेटवरून बोलू लागल्यापासून ही वाटणी आम्हांस धोक्याची वाटते.

अशा फोनमध्ये आवाजाचे बारीक तुकडे होऊन ते जाळ्यातून जातात व पलीकडे पुन्हा जुळतात. हे तुकडे म्हणजे पॅकेट. वाटेत कोणी ऐकू नये म्हणून ते सांकेतिक करणे म्हणजे एन्क्रिप्शन. त्यास कूटलेखन म्हणावे. फायरवॉलला अग्निभिंत म्हटल्याने काहीच उमगत नाही. वेशीवरचा पहारा म्हटल्यास आजीलाही कळते. पासवर्डसाठी परवलीचा शब्द आहेच. स्पूफिंग म्हणजे नंबराचे सोंग: पडद्यावर दिसणारा नंबर खरा असेलच असे नाही.

‘डिजिटल अरेस्ट’ हा शब्दही असाच धाक घालतो. त्यास ‘फोनवरची अटक’ म्हणावे, म्हणजे त्यातील पोकळपणा दिसतो. अशी अटक भारताच्या कोणत्याही कायद्यात नाही. पैसे गेल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

संविधानाच्या अनुच्छेद ३५० नुसार राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडता येते. मग सावधगिरीची सूचना तरी मराठीत का नसावी? बँका आणि पोलीस ठाण्यांनी ती मराठीतही लावावी, ही आमची मागणी आहे. सीमेपलीकडील बांधवांनी हे सोपे शब्द आपल्या बोलण्यात आणावेत.