शाल-श्रीफळाऐवजी खोली द्या

दारू सोडू पाहणाऱ्यांच्या ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या चळवळीच्या सभेआधी स्वतः दारूतून सावरलेला कुणीतरी येऊन कुलूप उघडतो, खुर्च्या मांडतो, चहा ठेवतो. रात्री-अपरात्री कुणाचा हात बाटलीकडे वळू लागला, तर फोनही तोच उचलतो. पगार नाही, फोटो नाही. १९३५मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात सुरू झालेल्या या चळवळीत नाव गुप्तच राहते. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही व्यसनातून सावरलेले अनेकजण पुढे कार्यकर्ते झाले. डॉक्टरांना बेधडक थापा मारणारा व्यसनी अशा सावरलेल्यांपुढे नरमतो. त्या सगळ्या थापा यांनी स्वतः मारून झालेल्या असतात! अशा अनामिकाचा सत्कार करणार कसा? अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस बाहेरची देणगीही घेत नाही. तेव्हा महापालिकांनी संध्याकाळी रिकाम्या पडणाऱ्या शाळांच्या खोल्या माफक भाड्याने या सभांना द्याव्यात.